पुढचं नाव तीन टिंबांत

फाइलच्या नावात कामाची गोष्ट आपण हटकून शेवटी लिहितो आणि फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, नेमकी तीच गिळतो. ‘वार्षिक अहवाल विभागवार खर्च मसुदा १’, ‘मसुदा २’, ‘अंतिम’ आणि ‘खरंच अंतिम’ अशा चार फाइली एका फोल्डरात ठेवा. पडद्यावर ‘वार्षिक अहवाल विभा…’ चार वेळा! साहेबांना जाते ती अर्थातच ‘मसुदा १’.

मॅकचा फाइंडर निदान नाव मधून कापतो, डोकं आणि शेपूट राखतो. विंडोजचा एक्सप्लोरर शेपूटच उडवतो. नाव मधून कापावं की शेवटून, या वादात मी फाइंडरच्या बाजूचा. लिनक्सवरच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये आयकॉनखाली नावाच्या किती ओळी दाखवायच्या ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. एवढी साधी सोय, पण तिच्यासाठी सेटिंग उघडावं लागतं, आणि तिथंच बहुतेकांचं घोडं अडतं.

एक्सप्लोररमध्ये आयकॉन दिसत असतील तर फाइलवर क्लिक केल्यावर तिचं नाव पूर्ण उलगडतं. मात्र एका वेळी एकीचंच. दुसरीवर क्लिक केलं की पहिली पुन्हा मिटते, त्यामुळे दोन नावं शेजारी ठेवून ताडून बघायची सोय नाही. त्यापेक्षा ‘व्ह्यू’मधून ‘डीटेल्स’च्या यादीत जावं आणि ‘नेम’च्या रकान्याच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करावं. कंट्रोल धरून नंबरपॅडवरचं अधिकचिन्ह दाबलं तर सगळेच रकाने आपापल्या मजकुराएवढे होतात. नंबरपॅड नसेल तर शीर्षकावर राइट क्लिक करून ‘साइझ ऑल कॉलम्स टू फिट’. आता सगळी नावं दिसतात, पण एखाद्या शंभर अक्षरी नावाने तारखेचा रकाना पडद्याबाहेर ढकललेला असतो. म्हणजे नाव कळलं, ताजी फाइल कोणती ते गेलं. त्याच राइट क्लिकमध्ये ‘टाइप’वरची खूण काढली तर थोडी जागा सुटते.

शेपूट दडण्यात धोकाही आहे. विंडोज ओळखीची एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी टिंबानंतरची अक्षरं, मुळातच लपवून ठेवतं. मे २००० मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा ‘आय लव्ह यू’ व्हायरस त्याच आडोशाने आला. प्रेमपत्राच्या नावापुढे ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असं होतं, प्रोग्रॅमची खूण असलेला शेवटचा तुकडा दिसायचा नाही आणि माणसं साधा मजकूर समजून ती फाइल उघडायची. एक्स्टेंशन दिसावीत म्हणून विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. हे आजच करून टाका.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. ‘अंतिम’ला जागाच नसायची. विंडोज ९५ ने २५५ अक्षरांची मुभा दिली, तीही जुगाड करून. फोल्डरच्या यादीत ३२ बाइटची एक नोंद, तिच्यात नावाची १३ अक्षरं; नाव लांबलं की नोंदीला नोंद जोडायची. जुन्या प्रोग्रॅमसाठी पहिली सहा अक्षरं आणि ‘~१’ असं टोपणनावही तयार व्हायचं. मुभा मिळाल्यावर लोकांनी नावात इतिवृत्तं लिहायला घेतली. मग फोल्डरात फोल्डर असा सगळा पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की एक्सप्लोरर कॉपी करताना अडून बसतो. तेव्हा वरच्या फोल्डरांची नावं एकेक अक्षराची करावीत, नाहीतर ‘सब्स्ट’ कमांडने आतल्या फोल्डरलाच ड्राइव्हचं अक्षर द्यावं.

मराठीतून नावं देणाऱ्यांची लिनक्सवर वेगळीच गंमत. तिथल्या एक्स्ट४ या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही, आणि देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे वेगळे मोजायचे. ‘अंतिम’ म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. तो सलग १७ वेळा लिहिला की २५५ बरोब्बर भरतात, आणि एक्स्टेंशनच्या टिंबालाही जागा उरत नाही.