जिमी जॉन्सनची सात टायटल्स म्हणे 'फॉरमॅटची कृपा', बघू जरा

नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगचा, विषय निघाला की कुणीतरी तो मेसेज टाकतोच. अमेरिकन फॅन्समध्ये तो वर्षानुवर्षं फिरतोय, आता एफवन बघणाऱ्या आपल्या मराठी पोरांच्या ग्रुपवर पण यायला लागलाय. थोडक्यात असा: जिमी जॉन्सनची सात टायटल्स कागदी आहेत, चेस नावाचा प्लेऑफ नसता तर त्याला काहीच मिळालं नसतं, गाडी हेंड्रिक या तगड्या टीमची म्हणून जिंकला, क्रू चीफ (गाडी आणि टीम सांभाळणारा प्रमुख) चीटर होता, नुसतं डावीकडे वळायचं त्यात कसलं स्किल, आणि इंडीकारला (एफवनसारख्या गाड्यांची अमेरिकन सिरीज) गेला तेव्हा पितळ उघडं पडलंच.

ज्यांनी ४८ नंबरची गाडी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी: जॉन्सन कॅलिफोर्नियातल्या एल कहोनचा, वडील जेसीबीसारखी अवजड मशीन्स चालवायचे, आई स्कूल बस. पाचव्या वर्षापासून मोटरसायकल, मग वाळवंटात ट्रक रेसिंग, २००२ पासून नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या कप सिरीजमध्ये फुलटाइम. एकूण ८३ विजय, २००६ ते २०१० सलग पाच टायटल्स, मग २०१३ आणि २०१६. सातचा आकडा गाठलेले तिघंच, रिचर्ड पेटी, डेल अर्नहार्ट आणि हा. आणि आधीच सांगतो, मी गॉर्डनवाला, म्हणजे त्याचाच टीममेट जेफ गॉर्डनचा फॅन, जॉन्सनने माझी पाच-सहा वर्षं पार बोअर केलीयेत, त्यामुळे ही काही भक्ताची पोस्ट नाही.

"चेस नसता तर शून्य"

यातला खरा भाग आधी. २००३ पर्यंत ३६ रेसची सरळ बेरीज व्हायची. त्या वर्षी मॅट केन्सेथ अख्ख्या सीझनमध्ये एकच रेस जिंकून चॅम्पियन झाला, आणि २००४ पासून नवीन नियम आला: पहिल्या २६ रेसनंतर वरच्या दहा जणांचे पॉइंट्स जवळपास सारखे करायचे (हाच रिसेट) आणि शेवटच्या दहा रेसमध्ये निकाल लावायचा. जुन्या पद्धतीने बेरीज केली तर २००७ गॉर्डनचं, ते पण साडेतीनशेहून जास्त पॉइंट्सनी, २००८ कार्ल एडवर्ड्सचं, २०१० केविन हार्विकचं. हे खरं आहे, लपवायचं काही कारण नाही. पण त्याच बेरजेत २००६, २००९ आणि २०१३ जॉन्सनचीच राहतात, म्हणजे "काहीच नाही" हे तिथेच संपलं, तीन टायटल्स म्हणजे काहीच नाही असं कोण म्हणतं राव.

दुसरं म्हणजे ही जुनी बेरीज करणंच मुळात गंडलेलं आहे. आयपीएलच्या लीग टेबलमध्ये पहिली आलेली टीम फायनल हरली तर आपण कप परत मागतो का? सगळ्यांना फेब्रुवारीतच माहीत असायचं की सप्टेंबरपासूनच्या दहा रेस मोजल्या जाणारेत. ४८ ची टीम चेसमधली जागा पक्की झाली की उन्हाळ्यात सेटअप ट्राय करत बसायची, पंधरावा आला काय न विसावा आला काय. तीच मुभा गॉर्डनला होती, एडवर्ड्सला होती. २००७ मध्ये रिसेटनंतर जॉन्सन गॉर्डनच्या पुढे होता फक्त २० पॉइंट्सनी, आणि ते २० सुद्धा त्याने जास्त रेस जिंकल्या म्हणून मिळालेले. शेवटी फरक पडला ७७ चा. म्हणजे उरलेले ५७ त्याने ट्रॅकवर कमावले, मार्टिन्सव्हिल, अटलांटा, टेक्सस, फीनिक्स, ओळीने चार रेस जिंकून. गॉर्डन पण त्या चेसमध्ये दोन जिंकला होता, भारी चालला होता, तरी कमी पडला. मी तेव्हा टीव्हीसमोर शिव्या घातल्यात, पण फॉरमॅटला नाही, ४८ ला.

२००६ बघा. चेसची पहिलीच रेस न्यू हॅम्पशायर, तिथे ३९ वा. टॅलाडेगाला शेवटच्या लॅपवर स्वतःच्याच टीममेटचा, ब्रायन व्हिकर्सचा, धक्का लागून गेला बाजूला, आणि सहा रेस उरल्या तेव्हा लीडरपेक्षा १५६ पॉइंट्स मागे, आठव्या नंबरवर. तिथून पुढे दुसरा, पहिला, दुसरा, दुसरा, दुसरा आणि शेवटी होमस्टेडला जपून नववा. हे जर फॉरमॅटने दिलं म्हणत असाल तर तोच फॉरमॅट उरलेल्या नऊ जणांना पण दिलेला होता की.

आणि फॉरमॅटने त्याचं घेतलेलं कुणी मोजत नाही. २००४, चेसचं पहिलंच वर्ष, जॉन्सन आठ रेस जिंकला, टायटल कर्ट बुशला गेलं, फक्त ८ पॉइंट्सनी. त्याच सीझनमध्ये मार्टिन्सव्हिलच्या रेसच्या दिवशी हेंड्रिकचं विमान डोंगरावर आदळून दहा जण गेले, मालकाचा मुलगा, भाऊ, भावाच्या जुळ्या मुली सगळे त्यात. ती रेस जॉन्सनच जिंकला होता, ड्रायव्हर्सना बातमी रेस संपल्यावर सांगितली, सेलिब्रेशन काही झालं नाही. पुढच्याच आठवड्यात अटलांटाला पण हाच जिंकला. डोक्याने ड्रायव्हिंग करणं म्हणजे काय ते मला तरी तिथे कळलं.

२०१६ चं मात्र मान्य, तिथे नशीब होतंच. होमस्टेडला इन्स्पेक्शनमध्ये अडकल्यामुळे सगळ्यांच्या मागून सुरुवात, शेवटी दहाएक लॅप उरलेल्या रिस्टार्टला टायटलचे दावेदार एडवर्ड्स आणि लोगानो एकमेकांत अडकले, आणि ओव्हरटाइमच्या रिस्टार्टला याने कायल लार्सनला मागे टाकून रेस आणि टायटल दोन्ही नेलं. पण तो फॉरमॅट वेगळा होता, सोळा जण, टप्प्याटप्प्याने बाहेर काढणारा. २००६ चे नियम वेगळे, २०१३ ची पॉइंट्सची पद्धत वेगळी, २०१६ चं तर सगळंच वेगळं, आणि तिन्हीत माणूस तोच.

"गाडी जिंकली, ड्रायव्हर नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो कारण याचं उत्तर त्याच बिल्डिंगमध्ये होतं. कॉन्कर्डला, शार्लटच्या स्पीडवेपासून जवळच, हेंड्रिकचं कॅम्पस आहे, आणि त्या वर्षांत २४ आणि ४८ या दोन गाड्या एकाच शॉपमध्ये तयार व्हायच्या. तीच चॅसी, तेच इंजिन, माहिती सगळी शेअर. २४ मध्ये कोण? जेफ गॉर्डन, चार टायटल्सचा मालक, ज्याच्या शब्दावर जॉन्सनला नोकरी मिळाली आणि जो ४८ चा भागीदार मालक पण होता. २००८, २००९, २०१० या तीन वर्षांत जॉन्सनचे विजय ७, ७ आणि ६. गॉर्डनचे ०, १ आणि ०. वीस विरुद्ध एक! आता सांगा गाडी कुठली. डेल अर्नहार्ट ज्युनियर २००८ ला आला, इंजिन त्याच खात्यातून, आणि २००९ ते २०११ त्याला एक पण रेस जिंकता आली नाही. केसी मिअर्स हेंड्रिककडे दोन वर्षं राहून एक रेस जिंकला.

गाडी चांगली नव्हती असं मी म्हणतच नाहीये. २००९ ला चॅम्पियनशिपमध्ये पहिले तिघं हेंड्रिकचेच होते, जॉन्सन, मार्क मार्टिन, गॉर्डन. पण चांगली गाडी चौघांकडे होती आणि सलग पाच एकाकडेच गेली.

यावर लोक म्हणतात मग चॅड क्नाउस, क्रू चीफ. हो, हे बरोबर, अर्धं श्रेय त्याचंच. २००५ च्या शेवटी दोघांचं इतकं वाजलं होतं की जोडी फुटायला आलेली, तेव्हा रिक हेंड्रिकने दोघांना बोलावून समोर दूध आणि कुकीज ठेवल्या, मिकी माऊसच्या प्लेट्स, की लहान मुलांसारखं भांडायचं असेल तर हे घ्या. पुढची पाच वर्षं काय झालं ते माहितीच आहे. क्नाउस किती कडक होता बघायचं तर २०१० ची टेक्ससची रेस बघा: ४८ चे पिट स्टॉप स्लो होत होते, तिकडे गॉर्डन जेफ बर्टनशी भिडून रेसबाहेर, त्याचा क्रू रिकामा, तर क्नाउसने चालू रेसमध्ये स्वतःची पोरं बसवली आणि गॉर्डनच्या क्रूला ४८ च्या पिटमध्ये उभं केलं. टायटलसाठी जवळच्या लोकांना असं बाजूला सारायला काळीज लागतं, मला तर ते बघवत नव्हतं. होमस्टेडच्या शेवटच्या रेसला डेनी हॅम्लिन १५ पॉइंट्स पुढे होता, सुरुवातीलाच त्याची गाडी फिरली, जॉन्सन दुसरा आला आणि ३९ पॉइंट्सनी टायटल नेलं.

पण मग क्नाउसविना? २००६ च्या सुरुवातीच्या चार रेस तो सस्पेंड होता, डेरियन ग्रब क्रू चीफ, आणि जॉन्सन त्यातल्या दोन जिंकला, डेटोना ५०० (नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस) आणि लास वेगास. २०१८ नंतर जोडी फुटली तेव्हा मात्र जॉन्सन एक पण जिंकला नाही, पण क्नाउसलाही विल्यम बायरनबरोबर दोन सीझनमध्ये एकच विजय मिळाला.

"चीटिंग करून जिंकले"

२००६ च्या डेटोनाला मागच्या काचेत गडबड केली म्हणून क्नाउसला घरी पाठवलं, खरं. २००७ ला सोनोमाला फेंडर्समध्ये (चाकांवरच्या पत्र्यात) गडबड सापडली, सहा रेस सस्पेंशन, एक लाख डॉलर दंड, १०० पॉइंट्स कापले, खरं. फक्त मेसेज फॉरवर्ड करणारा हे सांगत नाही की त्या दिवशी गॉर्डनची २४ पण सापडली होती आणि शिक्षा पण सेम. २०१२ ला परत डेटोनाला पकडलं, अपिलात सस्पेंशन आणि पॉइंट्स दोन्ही रद्द झालं, दंड तेवढा राहिला.

आता इतर संत मंडळी. २००८ ला ज्या एडवर्ड्सचं टायटल "चोरलं" म्हणतात, त्याच्याच गाडीच्या ऑइल टँकचं झाकण लास वेगासला जिंकल्यावर जागेवर नव्हतं, १०० पॉइंट्स गेले. जुन्या बेरजेत तो पुढे होता १६ ने, म्हणजे जुन्या बेरजेतही तो टायटल जेमतेमच नेतोय. आणि खुद्द पेटी, १९८३, शार्लट: इंजिन मोठं, टायर नियमाबाहेरचे, ३५,००० डॉलर दंड आणि १०४ पॉइंट्स, विजय मात्र कायम, त्याच्या २०० विजयांमध्ये तो अजून मोजला जातो. नॅस्कारमध्ये नियमांच्या फटीत शिरणं हे क्रू चीफचं कामच समजतात, पकडला गेलात तर भरा. क्नाउसला वेगळा न्याय लावायचा असेल तर पेटीचा एक विजय पण खोडा.

"नुसतं डावीकडे वळायचं"

हुआन पाब्लो मोंतोया. एफवनमध्ये सात विजय, २००० चं इंडी ५०० नावावर. नॅस्कारमध्ये सात फुल सीझन काढले, दोन रेस जिंकला, सोनोमा आणि वॉटकिन्स ग्लेन, दोन्ही डावी-उजवी वळणं असलेले ट्रॅक. नुसत्या डावीकडच्या ट्रॅकवर शून्य. बस, खरं तर इथेच विषय संपतो. एफवन चॅम्पियन किमी रायकोनन २०११ ला नॅस्कारच्याच खालच्या ट्रक सिरीजमध्ये आला, शार्लटला पंधरावा. आपला नारायण कार्तिकेयन २०१० ला मार्टिन्सव्हिलला ट्रक सिरीजमध्ये उतरला, तेरावा, आणि पहिल्याच रेससाठी मला ते फार चांगलं वाटलं होतं.

गाडी दीड टनाच्या वर, तेव्हा ८५० च्या आसपास हॉर्सपॉवर, डोव्हरचा ट्रॅक काँक्रीटचा, एक मैलाचा, वळणांवर २४ अंश उतार, ४०० लॅप. दर लॅपला मागची चाकं किती सुटतायत, पुढची किती ढकलतायत हे ड्रायव्हरने रेडिओवर सांगायचं आणि तेवढ्यावर क्रूने टायरची हवा अर्धा पाउंड कमी-जास्त करायची नाहीतर मागच्या काचेतल्या भोकातून पाना घालून स्प्रिंगचा बोल्ट अर्धा फेरा फिरवायचा. चुकीचं सांगितलंत तर पुढचे पन्नास लॅप भोगा. जॉन्सन त्या डोव्हरला ११ वेळा जिंकला, तिथे इतक्या वेळा कुणीच नाही. २०१३ ला अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू डोनोव्हन मॅकनॅब टीव्हीवर म्हणाला होता हा अ‍ॅथलीटच नाही. २००९ चा असोसिएटेड प्रेसचा वर्षातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू हाच होता, पहिलाच रेसिंग ड्रायव्हर, आणि २०१९ ला वयाच्या ४३ व्या वर्षी बोस्टन मॅरेथॉन ३ तास ९ मिनिटांत पळाला. मॅकनॅबचं बोस्टनचं टायमिंग कुणाकडे असेल तर पाठवा.

"इंडीकारला पितळ उघडं पडलं"

दोन सीझन, विजय शून्य, बरोबर आहे. वय ४५ ला पहिल्यांदा ओपन व्हील (उघड्या चाकांच्या गाड्यांच्या) रेसिंगमध्ये उतरलेला माणूस पहिल्या वर्षी नुसत्या रोड आणि स्ट्रीट ट्रॅकवर चालवत होता आणि बऱ्याचदा शेवटाकडेच असायचा, बघायला त्रास व्हायचा खरं तर. २०२२ ला ओव्हल (नॅस्कारसारखे लंबगोल ट्रॅक) मिळाले तर टेक्ससला सहावा, आयोवाला पाचवा. आणि या असल्या 'संपलेल्या' ड्रायव्हरने २०२५ च्या डेटोना ५०० ला, ४९ व्या वर्षी, स्वतःच्याच टीमच्या गाडीत तिसरा नंबर काढला, पण मेसेज जुना आहे ना, तो अपडेट कोण करणार.