काळी शौच म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत आपल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शौचाला काळं झालं तर ती अंगातली उष्णता. मिरची सोडा, तीन दिवस थंड दूध प्या. लाल पडलं तर मूळव्याध. दुर्बिणीच्या नादी लागू नका.’ (दुर्बीण म्हणजे एंडोस्कोपी, कॅमेऱ्याची नळी आत घालून केलेली तपासणी.) यावर विसंबून माणूस दगावू शकतो.

‘उष्णता’ म्हणतात ते बहुतेकदा रक्त असतं. अन्ननलिकेत, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला की ते रक्त खाली येईपर्यंत बदलतं आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तसा चिकटपणा आणि वास नसतो.

मिरचीचं म्हणाल तर संकेश्वरीला उगाच आरोपी केलंय. तिखटाने जळजळ वाढेल, पण असं रक्त ज्यातून येतं त्या अल्सरची, म्हणजे जठर-आतड्यातल्या जखमेची, मोठी कारणं दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. अँटिबायोटिकांचा पूर्ण कोर्स घेतला की तो बहुतेकदा जातो. दुसरं कारण आपल्या घराघरात आहे: दुखण्यावरच्या गोळ्या. भांगलण, ऊसतोड, दिवसभर मांडी घालून विड्या वळणं. कंबर-गुडघे धरले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायची आणि महिनोन् महिने खायची. या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. ‘सुई घेतली तर पोटाला त्रास नाही’ हाही गैरसमज, कारण औषध रक्तातून तेच काम करतं. वय साठीपुढचं असेल, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धोका आणखी वाढतो.

दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल उलट जास्त सुटतं. खरं नुकसान त्या तीन दिवसांचं. सुरुवातीला हिमोग्लोबिनचा रिपोर्टही नॉर्मल येऊ शकतो, त्यावरही निर्धास्त राहू नका.

लाल रक्त मूळव्याधीचं असू शकतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचंही. तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि ज्या दुर्बिणीला नावं ठेवली जातात, तिनेच जागा सापडते आणि तिथेच रक्त थांबवता येतं: इंजेक्शन देऊन, क्लिप लावून, लिव्हरच्या आजारात फुगलेल्या शिरांना रबरी बँड घालून. आधी सलाईन, गरजेप्रमाणे रक्त देऊन पेशंट स्थिर करतात आणि साधारण २४ तासांत एंडोस्कोपी होते.

रक्ताची उलटी, काळी शौच, चक्कर, गार घाम, धडधड यांतलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. जिथे दुर्बीण आणि रक्त दोन्ही लवकर मिळेल तिकडे न्या. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत घ्या. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती बंद करायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.