सव्वा तासाचं नागपूर

सासर नागपूरचं असलं की जावयाला भूगोल फोनवरून शिकवला जातो. “सव्वा तासाचं तर काम आहे न, जावईबापू! सकाळी निघाले का तर्री-पोहे इथंच.”

मामंजींचा आकडा बरोबर आहे. लोहगाव (पुण्याचं विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचं), हवाई अंतर साधारण 605 किलोमीटर. विमान वर गेलं की ताशी आठशेच्या आसपास पळतं, म्हणजे खरं तर पाऊण तास. पण चढताना-उतरताना एवढा वेग नसतो, शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जायचं असतं. वेळापत्रकातली वेळ विमान जागचं हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतची असते. सगळं धरून सव्वा तास, फार तर दीड.

हा हिशेब लोहगावात राहणाऱ्या माणसाचा. आम्ही कोथरूडकर.

कोथरूड ते लोहगाव सतरा-अठरा किलोमीटर. संध्याकाळी विचाराल तर नळ स्टॉप, संचेती, बंडगार्डन, येरवडा असे एकेक मुक्काम करत जावं लागतं. मेट्रो वनाझहून थेट रामवाडीला जाते, चांगली आहे. पण विमानतळ रामवाडीच्या पुढे, आणि तिथून रिक्षावाल्याला “एअरपोर्ट” म्हटलं की तो आपल्याकडे न बघता म्हणतो, “परत रिकामं यावं लागतं, साहेब.”

त्यामुळे आमच्या घरी विमान पकडायचं म्हणजे आदल्या रात्री बैठक बसते. विमान साडेनऊचं. काउंटर तासभर आधी बंद, म्हणजे साडेआठ. कंपनीचा मेसेज म्हणतो दोन तास आधी या. साडेसात. रस्त्याला दीड तास. सहा. बायको म्हणाली, “येरवड्याला अडकलो तर?” साडेपाच. आई म्हणाली, “आणि टायर पंक्चर झालं तर?” पाच. बाबा नुसते “हं” म्हणाले, त्या हुंकाराची पंधरा मिनिटं. पावणेपाच.

पावणेपाचला कर्वे रस्त्यावर कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. सिग्नल पिवळे मिचकावत होते. सव्वापाचला आम्ही विमानतळावर हजर, आणि विमान साडेनऊला! म्हणजे नागपूरला जाऊन, पोहे खाऊन परत पुण्यात उतरता आलं असतं एवढा वेळ आम्ही खुर्चीवर बसून काढला. कॉफीची किंमत वाचली आणि घरून आणलेला चहा किती चांगला असतो यावर बायकोशी एकमत झालं. लग्नानंतर असे प्रसंग कमी.

लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. मध्येच एखादं सुखोई कानठळ्या बसवत निघून गेलं की समोरची पोरं काचेला नाकं लावत. त्याला बरं, काउंटर नाही की बॅगेचं वजन नाही.

उड्डाणाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. डोळा लागला, पट्टा बांधा म्हणाले, उतरलो.

खरी परीक्षा परतीच्या दिवशी. विमान साडेपाचचं. मामंजी म्हणाले, “चारला निघू न! इथून पंधरा मिनिटं.” आणि ते शांतपणे वामकुक्षीला गेले. मी एक वाजल्यापासून बूट घालून, मांडीवर बॅग घेऊन सोफ्यावर. जेवणाला बोलावलं तेव्हाही नजर घड्याळावर. जावई कशावरून तरी रुसलेत असं वाटून सासूबाईंनी न विचारता आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. मग मीही रुसलेला राहिलो.