पुण्य दायकाचं, मधुमेह भन्तेंचा

थायलंडमध्ये सुमारे ३ लाख बौद्ध भिक्खू, म्हणजे भन्ते, आहेत. दुपारी बारानंतर त्यांना जेवण वर्ज्य. तरीही चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या पाहणीत जवळजवळ निम्मे भिक्खू स्थूल निघाले. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मागोमाग आलेच. यावर ठरलेला शेरा असतो, "फुकटचं खाऊन बसल्यावर दुसरं काय होणार!"

हा शेरा मला अजिबात पटत नाही. कारण हे भिक्खू एकूण कॅलरी इतरांपेक्षा कमीच घेतात, असंही तिथल्या अभ्यासकांना दिसलं. मग वजन वाढतं कशानं? दुपारनंतर जेवण नाही, पण पेय चालतं. म्हणून उपासक श्रद्धेनं आणतात गोड ज्यूस, कोला, एनर्जी ड्रिंक. सकाळच्या भिक्षापात्रात नारळाच्या दुधातली करी, तळलेलं आणि वर गोडधोड. गेलेल्या आजोबांना जे आवडायचं, ते भन्तेंना द्यायचं अशी तिथली भावना. दहा घरांचे दहा आजोबा, पात्र मात्र एकच!

भिक्खूनं "हे नको, ते द्या" म्हणायचं नसतं, म्हणून तो गप्प खातो. पण विनय, म्हणजे भिक्खूंची नियमावली, इतकी आंधळी नाही, हे आपल्यातले बरेच जण विसरतात. तूप, लोणी, मध, गूळ, मासे, दूध असे पदार्थ स्वतःसाठी मागून खाणं हा दोष आहे, पण आजारी भिक्खूला त्यात सूट आहे. म्हणजे प्रकृतीला मानवेल ते मागण्याची वाट बुद्धांनीच मोकळी ठेवली. चुल्लवग्ग या विनयाच्याच ग्रंथात तर अगदी आजचा वाटावा असा प्रसंग आहे. वैशालीत भोजनदानांची रांग लागली, भारी अन्न खाऊन भिक्खू आजारी पडले. ते बघून वैद्य जीवकानं बुद्धांकडे चंक्रमणाची, म्हणजे येरझाऱ्या घालत चालण्याची, आणि स्नानगृहाची परवानगी मागितली, ती मिळाली. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितलेत. कमी आजार आणि चांगलं पचन हे त्यातलेच दोन. चीवर (भिक्खूंचं वस्त्र) घालून धावणं लोकांना शोभत नसेल तर राहू दे, पण चालायला कोण अडवतंय?

२०१७ साली थायलंडनं भिक्खूंसाठी राष्ट्रीय आरोग्य सनद केली. त्यात भिक्खूंनी स्वतःची काळजी घेणं आलं, समाजाची जबाबदारी आली आणि गावाच्या आरोग्यात भिक्खूंनी पुढाकार घेणंही आलं. माझ्या मते पहिला जोर समाजाच्या जबाबदारीवर हवा. भन्तेंना कॅलरीचे तक्ते देऊन उपयोग काय, स्वयंपाक तर दुसऱ्याच्या घरी होतो!

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत घन आहार न घेणाऱ्या मधुमेही भिक्खूला नेहमीच्या वेळापत्रकानं गोळ्या दिल्या, तर काही गोळ्यांनी रात्री साखर धोकादायक खाली जाऊ शकते. "तीन वेळा जेवा" हा सल्ला तिथे चालत नाही. डोस त्यांच्या जेवणाच्या वेळा विचारूनच ठरवायला हवा.

आणि तिथे जाऊन दान देणार असाल, तर बिनपॉलिशचा भात, भाज्या, मासे, बिनसाखरेचं पेय द्या. सिगारेट तर नकोच. तीही दानात देणारे महाभाग आहेत. "दानात कसली चिकित्सा?" असं कुणी म्हणालं, तर त्यांना वैशालीचा प्रसंग वाचायला द्या.