कोणती जागा?

शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांवर लिहिणारे आपण काही जण बरीच वर्षे एकमेकांचे लेखन वाचत आलो आहोत, त्या ओळखीच्या भरवशावर आज एक तक्रार मांडतो. ती सर्वांत आधी माझ्याविरुद्धच आहे, हे पुढे दिसेल.

एखादे दुर्मीळ ध्वनिमुद्रण कोणी ऐकवले की त्याखाली ‘निःशब्द’, ‘दैवी’, ‘समाधी लागली’, ‘दंडवत’ अशी दाद जमू लागते. या शब्दांमागची भावना खोटी नसते, मलाही तेच शब्द आधी सुचतात. अडचण एवढीच की त्यांच्यापुढे बोलणे सरकत नाही. ‘दैवी’ला कोणी काय उत्तर द्यावे? याउलट ‘मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) उचलण्याआधी ते निषादावर (नी) इतके रेंगाळले की आता सम (तालाची पहिली मात्रा) हुकणार असे वाटले, आणि मग जेमतेम दोन मात्रांत सगळे शब्द बसवून ते समेवर आले’ असे कोणी लिहिले, तर मी ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावतो, ती जागा शोधतो, आणि मला ती तशी वाटली नाही तर तसे कळवतोही. ‘जागा’, म्हणजे गाण्यातला असा एखादा नेमका क्षण, हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. मैफलीतला मुरलेला श्रोता ‘वा’ म्हणतो तो नेमक्या जागेवर म्हणतो. ती निघून गेल्यावर शेजाऱ्याकडे बघून मान डोलावणारा गवयाला बरोबर ओळखू येतो. लिहिणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा, की बाबा रे, कोणती जागा?

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ गायकांच्या खाजगी मैफलीच्या ध्वनिमुद्रणाची प्रत हाती आली. (गायकांचे नाव मुद्दाम देत नाही; ज्यांनी ती प्रेमाने दिली त्यांना अवघडल्यासारखे व्हायला नको.) ऐकून मी भारावून गेलो आणि भलामोठा लेख लिहिला. आवाजात एरवी न आढळणारी तरतरी आहे, ताना अक्षरशः विजेसारख्या आहेत, हे गाणे बहुधा त्यांच्या ऐन उमेदीतले असावे, असे बरेच काही त्यात होते. कौतुकही भरपूर झाले. मग एका श्रोत्याने अगदी सौम्य शब्दांत विचारले, ‘हे आयुष्यभर काळी एकमध्ये गायले. इथे पांढरी दोन कशी?’

काळी एक आणि पांढरी दोन या संवादिनीच्या लागोपाठच्या पट्ट्या, म्हणजे गाणे त्यांच्या नेहमीच्या स्वरापेक्षा एक पट्टी चढे ऐकू येत होते. मी आधी मनातल्या मनात बचाव केला, की त्या दिवशी स्वर चढा लावला असेल, संवादिनी वेगळी असेल. पण त्यांनी पुढचा उपायही सांगितला होता. जुन्या ध्वनिमुद्रणात वीजपुरवठ्याची एक बारीक घरघर उतरलेली असते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, तेव्हा ती घरघर 50 वर किंवा तिच्या दुपटीवर, म्हणजे 100 वर, सापडली पाहिजे. गाणे सुरू होण्यापूर्वी तानपुरे लागत होते, तेवढा तुकडा काढून संगणकावर तपासला, तर घरघर 53 च्या आसपास निघाली. म्हणजे फीत सुमारे 6 टक्के जास्त वेगाने फिरत होती, आणि 6 टक्के म्हणजे बरोबर एक पट्टी. 60 मिनिटांची मैफल मी साडेछप्पन मिनिटांत ऐकली होती. ज्या तरतरीवर मी तीन परिच्छेद लिहिले ती यंत्राची होती.

तेव्हापासून ध्वनिमुद्रणावर लिहिताना गाणाऱ्याचे किती आणि यंत्राचे किती, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. तो केवळ वेगापुरता नाही. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांनी पहिल्या तबकड्या दिल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या जोरानेच सुईने मेणावर चर कोरायचा, अशी सोय होती. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव खणखणीत सांगतात, त्याचे आज आपल्याला हसू येते. पण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार व्हायच्या आणि तिथल्या तंत्रज्ञाला ही तबकडी कोणाची हे कळायला हवे होते. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण 1925 नंतर आले. त्याआधीच्या तबकडीत साथ दबलेली असेल, आवाज ओरडल्यासारखा वाटत असेल, तर ‘त्या काळी तबल्याला महत्त्व नव्हते’ किंवा ‘जुने लोक ओरडत असत’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तबल्यापुढे कर्णा नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

उलट बाजूने, हल्ली जुनी ध्वनिमुद्रणे ‘स्वच्छ’ करून देण्याची जी हौस आहे तिच्याबद्दल माझे मत स्पष्टपणे वाईट आहे. खरखर काढताना तानपुऱ्याची वरची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, जाते, श्वास जातो, आणि उरतो तो पोकळीत टांगलेला एकटा गळा. मला खरखर चालते. कान दोन मिनिटांत तिला बाजूला सारतो. गेलेला तानपुरा मात्र परत आणता येत नाही.

तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांना ‘नमुना’ म्हणून बाजूला ठेवणारे श्रोते आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझे पटत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची झिंझोटी रागातली ठुमरी ‘पिया बिन नाहीं आवत चैन’ घ्या. 1937 साली खाँसाहेब गेले. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांतल्या ज्या तबकड्या आज ऐकायला मिळतात, त्यांतली ही एक. ती लांब मैफलीचा कापलेला तुकडा वाटत नाही, कारण तिची बांधणीच तेवढ्या वेळाची आहे. तोच मुखडा परतपरत येतो आणि दर वेळी ‘पिया’ या दोन अक्षरांना स्वराची वेगळी कड लागते. आवाज कुठेही फुगत नाही, तानपुऱ्याच्या आत राहूनच चढतो. खाँसाहेबांना तबकडी किती वेळाची हे पक्के ठाऊक होते, असे मला ती ऐकताना दर वेळी वाटते. गायिका केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. तिच्याविषयी बोलताना लोक यानाबद्दलच बोलतात आणि बाईंच्या दमसासाबद्दल एक वाक्य लिहीत नाहीत, हा मला थोडा अन्याय वाटतो.

पुढे आलेल्या लाँग प्ले तबकडीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाला घर मिळाले. गायक अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी हे राग असलेली तबकडी आपल्यापैकी बहुतेकांनी झिजवली असेल. मारव्यातल्या ‘पिया मोरे अनत देस’वर मी पूर्वी ‘उदास’ असे लिहिले होते. खरे सांगायचे तर तो शब्द मी ऐकून लिहिलाच नव्हता. मारवा म्हणजे उदास हे वाचूनच मी ऐकायला बसलो होतो. एका वाचक बाईंनी त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की मारव्यात पंचम (प) नाही आणि षड्जाला (सा) गायक टाळत राहतो, त्यामुळे आपल्याला बसायला जागाच मिळत नाही, आणि या अस्वस्थपणालाच आपण उदासी म्हणून मोकळे होतो. खाँसाहेब स्वतः अस्वस्थ आहेत का, ते ऐका. मी पुन्हा ऐकले. झुमरा तालाचा ठेका इतका सावकाश चाललेला, कोमल रिषभावर ते येतात आणि तिथेच थांबतात. षड्ज एका बोटाच्या अंतरावर आहे, श्रोता म्हणून माझा जीव तिकडे ओढतो, आणि ते मात्र वळून पुन्हा धैवताकडे निघून जातात. गाणाऱ्याला कसलीच घाई नव्हती, ती माझ्याच जिवाला होती. षड्ज अखेर लागतो तेव्हा सुटतो तो श्वासही माझाच असतो. आता मला ते गाणे उदास ऐकू येतच नाही, आणि याचे सगळे श्रेय त्या बाईंच्या दोन ओळींच्या हरकतीला आहे. पूरिया, मारवा आणि सोहनी यांचे स्वर तेच असूनही राग तीन का, हे मला पुस्तकांतल्या आरोह-अवरोहांपेक्षा या एका वादातून अधिक समजले.

‘तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकायला हवे होते’ हे वाक्य मात्र आता पुरे झाले. अमीर खाँसाहेब 1974 साली गेले. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ध्वनिमुद्रणाशिवाय दुसरा मार्गच नाही, आणि ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले त्यांनी त्या आठवणीतले काही नेमके सांगावे, म्हणजे ते किती वेळ स्वर लावत, साथीदारांशी कसे बोलत, कुठल्या सुरावर डोळे मिटत. नुसते ‘हवे होते’ म्हणून दार लावून घेऊ नये.

किती मिनिटांचे गाणे, यावरून त्याची खोली ठरवण्याची सवयही अशीच फसवी. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांकडून शिकलेले एक उदाहरण देतो. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ 1955 आणि 1981 अशा दोनदा ध्वनिमुद्रित केल्या. पहिले वादन सुमारे 38 मिनिटांचे, दुसरे 51 चे. वय वाढले आणि वादन संथ, गंभीर झाले, असे मी पटकन लिहून टाकले असते. पण दुसऱ्या वेळी त्यांनी काही भागांची पुनरावृत्तीही घेतली आहे, त्यामुळे वाढलेल्या तेरा मिनिटांतली काही तिथे गेली. सुरुवातीची आरिया, म्हणजे मूळ धून, मात्र खरोखरच संथ झाली आहे. मिनिटे मोजून यातले काहीच कळत नाही, शेजारीशेजारी लावून ऐकावे लागते.

माझ्या त्या फसलेल्या लेखाचे पुढे काय झाले, हे काहींनी विचारले होते. तो काढून टाकलेला नाही. फितीचा वेग दुरुस्त करून मैफल पुन्हा सबंध ऐकली आणि लेखाखाली नवी टीप जोडली. ताना आता विजेसारख्या नाहीत, त्या वजनदार आहेत, दाणा न् दाणा सुटा ऐकू येतो. आवाज उमेदीतला नसून चांगला उतारवयातला आहे आणि तार षड्जावर किंचित थकतो. मात्र दुसऱ्या रागात, अंतरा संपवून स्थायीकडे, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाकडे, परतताना, ते क्षणभर पूर्ण थांबतात, आणि त्या शांततेत मागे बसलेल्या शिष्याचा तानपुरा एकटाच वाजत राहतो. पहिल्यांदा ऐकताना ही जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. ती प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी वेग तपासावा, मग ती जागा ऐकावी, आणि तुम्हाला ती तशी वाटते का, ते कळवावे.