कात्रजचा नळ आणि आभारप्रदर्शन

आमच्या घरी वर्तमानपत्र आधी मधूनच उघडले जाते. शहरातील आजच्या कार्यक्रमांची जी बारीक टायपातील यादी आतल्या पानावर असते, ती माझे सासरे रोज सकाळी तांबड्या शाईच्या पेनाने तपासतात. विमा कंपनीत पस्तीस वर्षे दावे तपासण्यात गेल्यामुळे या यादीकडेही ते दाव्याच्याच नजरेने पाहतात. वक्ता कोण, अध्यक्ष कोण, सभागृहात पंखे कोणत्या बाजूला आहेत आणि प्रवेश विनामूल्य आहे की ‘देणगी ऐच्छिक’ आहे, याची छाननी होते. ऐच्छिक देणगी ही त्यांच्या मते धोक्याची सूचना असते. नऊ वाजता निर्णय होतो आणि सव्वानऊला तो मला कळवण्यात येतो, कारण त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपासून स्कूटर मी चालवतो.

मी मूळचा लातूरचा. आमच्याकडे व्याख्यान हे गणपतीत किंवा एखाद्या जयंतीला ऐकण्याचे असते. लग्नानंतर पुण्यात आल्यावर मला कळले की येथे ते कोथिंबिरीसारखे रोज आणि ताजे लागते. सोमवारी भारत इतिहास संशोधक मंडळात एखादे मोडी पत्र, बुधवारी भांडारकर संस्थेत महाभारताची पाठचिकित्सा, शनिवारी गणेशखिंडीच्या टोकाला आयुकामध्ये कृष्णविवर, अशा रीतीने सासरे एका आठवड्यात पेशवाईतून निघून अवकाशात पोहोचतात आणि मी बाहेर गाडी लावायला जागा शोधतो. हा सगळा विद्यापीठाचा प्रताप असावा, असे मी एकदा म्हणालो. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. “विद्यापीठ १९४९ चे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. म्हणजे श्रोते चौऱ्याहत्तर वर्षे आधीपासून बसलेले आहेत, जावईबापू. विद्यापीठ नंतर आले आणि मागे जागा मिळेल तिथे बसले.”

त्याच १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची व्याख्याने झाली आणि शेवटी त्यांची मिरवणूक निघाली. या मिरवणुकीत रानडे आणि जोतीराव फुले दोघेही होते. विरोधकांनी उत्तरादाखल एका गाढवाची मिरवणूक काढली. पुण्यातील श्रोता वक्त्याशी असहमत असला की स्वस्थ बसत नाही, हे तेव्हापासून ठरलेलेच आहे. हल्ली शहरात गाढवे सहज मिळत नाहीत, म्हणून तो शेवटी प्रश्न विचारतो.

एकदा मी सुटकेचा प्रयत्न करून पाहिला होता. चांगले व्याख्यान पुढे छापून येतेच, १९३९ साली डॉ. आंबेडकरांनी गोखले संस्थेत संघराज्याच्या प्रश्नावर दिलेले व्याख्यान आज पुस्तकरूपाने घरी बसून वाचता येते, तर मग स्कूटर कशाला काढायची, असा माझा बिनतोड मुद्दा होता. सासऱ्यांनी फक्त एवढेच विचारले, “वाचलेत का?” मी स्कूटरची किल्ली शोधू लागलो.

त्या गुरुवारी मात्र मी स्वतःहून निघालो. विषय होता ‘कात्रजचा नळ’. ज्याच्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, आणि जे पाहायला सारे गाव गोळा झाले, त्या माणसाला पाणी कसे आणतात हा प्रश्न केवळ बौद्धिक राहत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधून तेथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले, तेही पंपावाचून, निव्वळ उताराच्या जोरावर, एवढे मला ठाऊक होते. उतार मोजला कसा, गाळ काढला कसा आणि वाटेत पाणी चोरणाऱ्यांचे काय केले, हे मला ऐकायचे होते. सासऱ्यांनी माझ्या उत्साहाकडे, नवख्या पोहणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले आणि जाताना पाण्याची बाटली घेण्यास सांगितले.

वेळ सहाची होती. सहा वाजता सभागृहात पहिल्या दोन ओळी सोडून सारे भरले होते. त्या दोन ओळी निमंत्रितांसाठी राखीव होत्या आणि निमंत्रित अखेरपर्यंत आले नाहीत. सहा वाजून दहा मिनिटांनी समई पेटवण्यात आली, म्हणजे तसा प्रयत्न झाला. पंख्याच्या वाऱ्याने ती विझली. दुसऱ्यांदा विझल्यावर पंखे बंद करण्यात आले. पाचही वाती पाच मान्यवरांच्या हस्ते पेटल्या, छायाचित्रासाठी सर्वांनी एकच काडी धरून पुन्हा पेटवल्यासारखे केले, आणि त्यानंतर पंखे पुन्हा सुरू करण्याचे कोणाच्याही लक्षात राहिले नाही. स्वागत झाले. प्रास्ताविकात संस्थेच्या स्थापनेपासून आजच्या कोषाध्यक्षांच्या नातवाच्या मुंजीपर्यंतचा इतिहास आला. परिचय करून देणाऱ्या बाईंनी वक्त्यांची माहिती स्वतः वक्त्यांकडूनच लिहून घेतलेली असावी, कारण त्यातले काहीही गाळले गेले नाही. चौथीच्या शिष्यवृत्तीपाशी मी घड्याळ पाहिले आणि पदव्युत्तर पदवीपाशी पुन्हा पाहिले. मधले अंतर सात मिनिटांचे होते. मग शाल आली, श्रीफळ आले. शाल पांघरल्यावर उकाड्याने घामाघूम झालेल्या वक्त्यांनी ती अंगावर किती वेळ ठेवणे सभ्यपणाचे ठरते, याचा विचार करीत सुमारे पाव तास काढला.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी ते बोलायला उभे राहिले. “वेळेचे भान ठेवून मी थेट विषयाला हात घालतो,” असे म्हणून त्यांनी मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. पडद्यावर चित्रे दिसायची होती, पण तेथे निळा प्रकाश आणि ‘नो सिग्नल’ ही अक्षरे एवढेच दिसत होते. दोन कार्यकर्त्यांनी वायर काढली आणि तीच पुन्हा लावली. अखेर पाचव्या ओळीतील एक महाविद्यालयीन मुलगी उठली, तिने एक कळ दाबली आणि टाळ्यांच्या कडकडाटात कात्रजचा तलाव अवतरला. संपूर्ण संध्याकाळीतला तो एकमेव विनाभाषणाचा सत्कार होय.

मला मान्य केले पाहिजे की पुढची बारा मिनिटे उत्तम होती. नळावर ठरावीक अंतराने बांधलेल्या, जमिनीवर डोके काढणाऱ्या दगडी उच्छ्वासांची माहिती सुरू झाली. त्यांतून आतली हवा मोकळी होते आणि सफाईसाठी माणूसही उतरू शकतो. मी पुढे सरकून बसलो. माझ्या मनात हल्लीचा बसचा मार्ग होता. कात्रज सुटले होते, पद्मावती जवळ येत होती, स्वारगेट दिसू लागले होते आणि नेमक्या त्याच वेळी व्यासपीठावर चिठ्ठी आली. वक्त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि पाणी जिथल्या तिथे थांबवून ते म्हणाले, “वेळेअभावी पुढचा भाग मी आटोपता घेतो. धन्यवाद.”

अध्यक्षांना मात्र वेळेचा अभाव नव्हता. नळ या विषयातला आपण अधिकारी नाही, असे सांगून त्यांनी ते पस्तीस मिनिटांत सिद्ध केले.

प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटे उरली. पहिल्या गृहस्थांनी प्रश्न नसून दोन मुद्दे आहेत, असे जाहीर करून तीन मुद्दे मांडले. दुसऱ्यांना वक्त्यांच्या उच्चारातील एक अनुस्वार खटकला होता. मग मागून एक अतिशय वृद्ध गृहस्थ उठले. त्यांच्या हातात माईक थरथरत होता. ते म्हणाले, “मला विचारायचे काही नाही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या हौदाला या नळाचे पाणी होते. लहानपणी माझा चेंडू आत पडला म्हणून वडिलांनी मला दोर बांधून खाली सोडले होते. आत गेल्यावर जे दिसले—”

सभागृह प्रथमच शांत झाले. मी श्वास रोखला. अध्यक्षांनी घड्याळ वर केले.

“आजोबा, कृपया प्रश्न विचारा. प्रश्न नसेल तर आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या.”

आभार मानणाऱ्या गृहस्थांनी ध्वनिव्यवस्था, पुष्पगुच्छ, सतरंज्या (ज्या कोठेही नव्हत्या) आणि सुजाण श्रोते यांचे आभार मानले. ते संपेपर्यंत वृद्ध गृहस्थ काठी टेकीत दारापर्यंत पोहोचले होते. मी खुर्च्यांमधून वाट काढीत बाहेर धावलो, तोवर ते रिक्षात बसून निघूनही गेले होते.

“त्यांच्यामागे कशाला धावलात?” सासरे शांतपणे बाटलीतले शेवटचे पाणी पीत होते. “ते नेहमी येतात. विषय पाण्याचा असो वा वाड्यांचा, चेंडू पडतोच. गेली सहा वर्षे मी ऐकतो आहे.”

“मग आत काय दिसले?”

“दोर बांधण्याच्या पुढे त्यांना अजून कोणी जाऊ दिलेले नाही.”

मी स्कूटर सुरू केली. टिळक रस्त्यावर सिग्नलला थांबलो असताना मागून सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी निराशा त्यांना जाणवली असावी.

“वाईट वाटून घेऊ नका. हेच वक्ते पुढच्या महिन्यात नव्या पेठेत बोलणार आहेत. विषय ‘पेशवेकालीन जलव्यवस्थापन’. भाषण हेच, पण तिथे समई नसते, त्यामुळे ते पाणी स्वारगेटच्या पुढे आणतात.”

“शनिवारवाड्यापर्यंत?”

“छे,” ते म्हणाले, “तिथे अध्यक्ष दोन असतात.”

सिग्नल हिरवा झाला. पुढच्या महिन्यातली तारीख कोणती, हे मी त्यांना घरी पोहोचण्याआधीच विचारले.