बेलमच्या गुहा पाण्यानेच कोरल्या आहेत

आंध्रातल्या बेलम गुहांचे फोटो कुणी टाकले की त्याखाली हा दावा हमखास येतो: हे बोगदे पाण्याने होणं शक्य नाही, प्राचीन काळी कुणीतरी ते यंत्राने खोदले. सोबत चार मुद्दे असतात. ते पटतात, कारण आपण लेण्यांच्या मुलखातले. आपल्या काळ्या दगडात जे कोरीव दिसतं ते खरोखरच माणसाने कोरलेलं असतं. बेलमचा दगड मात्र चुनखडीचा आहे, आणि चुनखडी किंचित आम्ल असलेल्या पाण्यात विरघळते.

'पाणी दगड सगळीकडून सारखाच झिजवतं, मग नळी कशी होईल?' आपल्या मोरीतली शहाबादी फरशीही चुनखडीच. तिच्यावर ॲसिड सांडलं की फेस येतो आणि ओल्या झालेल्या सगळ्या भागाची झिलई जाते. अनुभव खरा आहे, पण तो दगडाच्या वरचा. पाणी दगडाच्या आतून वाहायला लागलं की गणित पालटतं. एखाद्या जागी दगड केसभर जास्त विरघळला, तर तिथली वाट रुंद होते. रुंद वाटेकडे जास्त पाणी वळतं, त्याच्याबरोबर ताजं आम्ल येतं आणि ती वाट आणखी रुंदावते. फट दुप्पट रुंद झाली की तेवढ्याच दाबाला तिच्यातून आठपट पाणी जातं! त्यामुळे विरघळण्याची सरळ कड सरळ राहतच नाही, तिला बोटं फुटतात. पुढे सरकलेलं बोट शेजारच्या बोटांचं पाणी ओढून घेतं आणि ती जागच्या जागी खुंटतात. संशोधक चॅडम, ऑर्टोलेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अस्थैर्य १९८६ मध्ये गणिताने मांडलं.

'आत आधीपासून मोठी पोकळी असल्याशिवाय हे होत नाही.' बेलमच्या वाटांना खडकातल्या भेगांनी दिशा दिली, हे मान्य. पण मोठी पोकळी लागते हे खोटं. १९८७ साली दाकोर आणि लेनोर्मां यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसमधून साधं पाणी ढकललं. प्लास्टर एकजिनसी, आत कुठलीही वाट आखलेली नाही. तरी झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या नळ्या तयार झाल्या. त्यांत वितळलेला धातू ओतून काढलेले साचे पाहिले की वाद घालावासा वाटत नाही.

'पाण्यातलं आम्ल दोन-चार हातांतच संपतं, मैलभर आत कसं पोहोचेल?' हा मुद्दा मला मोलाचा वाटतो, कारण शास्त्रज्ञही यावर अडले होते. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं. त्याची विरघळवण्याची ताकद बारीक फटीत लवकर संपायला हवी. एक उत्तर रसायनशास्त्रातून आलं: पाणी चुन्याने जवळजवळ भरलं की विरघळण्याचा वेग एकदम मंदावतो, म्हणून उरलीसुरली ताकद लांबवर टिकते. दुसरं उत्तर शिमचाक आणि लॅड यांनी २०११ मध्ये दिलं. आधीची गणितं अख्खी फट एकसारखी रुंदावते असं धरून केलेली होती. प्रत्यक्षात फटीतही बोटं फुटतात, पाणी मोजक्या नळ्यांत एकवटतं आणि ताज्या आम्लासकट खूप आत शिरतं. तेलविहिरीवर काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. चुनखडीत हायड्रोक्लोरिक ॲसिड फार हळू सोडलं तर ते तोंडाशीच संपतं, फार जोरात सोडलं तर चहूकडे पसरून वाया जातं. मधला वेग साधला की थोड्या ॲसिडात लांब नळी पडते.

'भिंती गुळगुळीत आहेत, म्हणजे हत्यार चाललं.' हत्यार खुणा ठेवतं. अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या २४ क्रमांकाच्या लेण्यात छिन्नीचे घाव आजही दिसतात. पाण्याने घडवलेल्या गुहांच्या भिंतींवर पुष्कळदा शिंपल्यासारखे उथळ खळगे असतात. त्यांवरून हात फिरवा: खळग्याची एक बाजू खडी आणि दुसरी सौम्य उताराची लागते. खडी बाजू जिकडे, तिकडून पाणी आलं. खळगे जितके लहान, तितका प्रवाह वेगवान होता.